वरच्या दाराची स्प्रिंग

हे मी चौदा महिने कुणालाही सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. रोज संध्याकाळी डहाणूच्या किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्या आमच्या निवृत्त मंडळींना तर नाहीच नाही — त्यांना सांगितलेली गोष्ट आपल्याआधी आपल्या घरी पोचते. आता सांगतोय. आणि आधीच कबूल करतो, की मी गोल गोल फिरणार आहे. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो. मुद्दा माझ्याच अंगावर येणारा असला की जास्तच.

मी रेल्वेत सिग्नल खात्यात होतो. तेहतीस वर्षं. आमच्या कामाचं सगळं मर्म एका वाक्यात मावतं — काहीही बिघडलं तरी सिग्नल आपोआप लाल झाला पाहिजे. करंट गेला की रिले, म्हणजे विजेने उचलून धरलेला खटका, आपल्या वजनाने खाली पडतो, आणि गाडी थांबते. माणसाने काही करायची गरज नाही. माणूस विसरतो, झोपतो, चहाला जातो, रिले पडतो. तो रिले कुणी हुशारी करून अडकवून ठेवला तर? एकाने एकदा ठेवला होता. त्याला मी सगळ्या स्टाफसमोर असं झापलं होतं की तो पुढे वर्षभर माझ्याकडे बघून रस्ता बदलायचा. हे लक्षात ठेवा. म्हणजे मी पुढे जे केलं ते न कळून केलं, असं तुम्हाला चुकूनही वाटणार नाही.

२०१४ साली मी निवृत्त झालो आणि पुढच्या वर्षी आम्ही घरावर दुसरा मजला चढवला. आमचा मुलगा अमोल मालवाहू जहाजावर इंजिनियर आहे. काही महिने समुद्रावर, काही महिने घरी — आणि घरी असला की आम्हाला सुधारायचा कार्यक्रम. त्याची आई, म्हणजे आमची सुमन, गुडघ्याने बेजार. ती कपड्यांची बोचकी घेऊन दोन जिने उतरते हे त्याला बघवेना. तर त्याने काढलं की भिंतीच्या आतून एक उभा पोकळ मार्ग करायचा. प्रत्येक मजल्यावर त्याला एक छोटं दार. दार उघडलं, मळके कपडे आत टाकले, की ते सरळ तळमजल्यावर, मोरीशेजारच्या खोलीतल्या टोपल्यात. डहाणूत असलं काही कुणाकडे नव्हतं. सुमनने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, घसरगुंडी.

पण अमोल जहाजावरचा माणूस. जहाजावर आग लागली तर पळायला अंगण नसतं. त्याने मला नियमांचा कागदच लिहून दिला. आतून प्लायवूड चालणार नाही, जाड पत्राच हवा. प्रत्येक स्लॅबपाशी पत्रा आणि भिंत यांच्यातली फट सिमेंटने बुजवायची. आतून वायर न्यायची नाही. खालच्या खोलीला स्वतःचं घट्ट दार हवं, आणि तिथे कपड्यांचा ढीग साचू द्यायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं — प्रत्येक मजल्यावरचं दार लोखंडी, आणि हात सोडला की आपोआप बंद होणारं. आपोआप! मला ते वाचून काय आनंद झाला म्हणून सांगू. पोरगं माझंच आहे, असं वाटलं.

हे काम केलं देवजीभाईंनी. अच्छाडला, गुजरातच्या हद्दीवरच्या चेकपोस्टच्या अलीकडे, हायवेला लागून त्यांची पत्र्याची शेड आहे. ट्रकच्या बॉड्या, मागचे फाळके, केबिनची दारं ही त्यांची कामं. मूळचे तलासरीकडच्या पाड्यावरचे, बोलणं थोडं मराठी, थोडं गुजराती, आणि एकूण कमीच. पण हात असा, की त्यांनी लावलेलं दार बंद होताना ऐकत राहावं. काम संपल्यावर त्यांनी मला एक गंमत दाखवली. खाली टोपल्याच्या जागी गोणपाटाचा तुकडा पेटवला, विझवला, आणि धुमसत ठेवला. मग आम्ही वर गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं दार बंद होतं तेव्हा तिथे काही नाही, वाससुद्धा नाही. त्यांनी दार हाताने उघडं धरलं — आणि धूर असा भसाभस बाहेर आला की मी दोन पावलं मागे सरलो.

"साहेब, तुम्ही घसरगुंडी बोलता," ते म्हणाले, "पण हे धुराडं हाय. हे दार हाय म्हणून ती घसरगुंडी."

हेसुद्धा लक्षात ठेवा. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढची दोन वर्षं घसरगुंडीने बिनतक्रार काम केलं. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती दाखवायचो. एका पाहुण्यांना तर मी स्वतःचा धुतलेला शर्ट आत टाकून दाखवला होता, आणि सुमनने तो पुन्हा धुतला होता. मग २०१७च्या हिवाळ्यात रेवा झाली. माझी नात. सुनेला, केतकीला, आई नाही. त्यामुळे बाळंतपण आमच्याकडेच. अमोल समुद्रावर. केतकी आणि बाळ दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, आणि त्या खोलीच्या बरोब्बर समोर, पॅसेजमध्ये — घसरगुंडीचं दार.

आता तान्ह्या बाळाच्या घरात कपडे किती निघतात ते तुम्हाला माहीत असेलच. लंगोटी, दुपटी, झबली, पुन्हा लंगोटी. दिवसात वीसदा ते दार उघडायचं आणि वीसदा धाड करून मिटायचं. आणि वीसदा रेवा दचकून उठायची. काय ते दचकणं! दोन्ही हात हवेत, ओठ वाकडा, आणि मग एक सेकंद सगळं शांत, आणि मग भोकाड. माझा जीव तुटायचा. खरं सांगतो, तेहतीस वर्षं इंजिनांच्या शिट्ट्या ऐकलेला माणूस मी, पण त्या धाडने मीही दचकायला लागलो.

देवजीभाईंना एक फोन केला असता तर त्यांनी येऊन चौकटीला रबराची पट्टी लावून दिली असती. पंधरा मिनिटांचं काम. मी फोन केला नाही. का केला नाही? मी हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारलाय की त्याची धार गेली आहे. मला वाटलं, एवढ्याशा दारासाठी अच्छाडहून माणूस कशाला, मी काय मेलोय? सिग्नलचा माणूस मी. एका सकाळी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि दाराची स्प्रिंग काढून टाकली.

दार गप्प झालं. आपोआप मिटायचंही बंद झालं — जिथे सोडाल तिथे राहायचं. मी केतकीला काही सांगितलं नाही, सुमनलाही नाही. आणि त्या दोघींच्या हाताला दोन वर्षांची सवय, की टाकले कपडे, सोडला हात. दार उघडं राहतंय हे मला दिसायचं. मी येताजाता लोटायचो. लोटायचो म्हणजे — दिसलं तर.

आठ दिवस. रेवा शांत झोपायला लागली. सुमन म्हणाली, "बाळ बाळसं धरतंय हो." मी मनात म्हटलं, कुणामुळे?

आता ते सांगतो.

आमच्याकडे बाळाच्या आंघोळीनंतर धुरी देतात. शेगडीत निखारे, त्यावर ओवा आणि वावडिंग, वरून वेताची टोपली पालथी, आणि टोपलीवर बाळाचे कपडे पसरायचे — म्हणजे ते ऊबदार होतात, कोरडे होतात, आणि सुवासिकही. सुमनने अमोलला दिली होती, तिच्या आईने तिला दिली होती. त्या सकाळी ओव्याचा दाणा फुटला असेल, किंवा निखाऱ्याची ठिणगी उडाली असेल. एका दुपट्याच्या घडीत ती बसली. सुमनला ते दुपटं डागाळलेलं दिसलं म्हणून तिने बाकीच्या मळक्या कपड्यांबरोबर उचललं आणि घसरगुंडीत टाकलं. हात सोडला. खाली गेली, स्वयंपाकाला लागली.

मी बाजारात गेलो होतो, डिंक आणायला. परत आलो तेव्हा साडेअकरा झाले असतील. सुमन ओरडत मोरीशेजारच्या खोलीत बादली रिकामी करत होती. तिथे ज्वाळा नव्हत्या, नुसता कपड्यांचा ढीग धुमसत होता, पण ती खोली मला नीट दिसलीच नाही, कारण मी जिन्याकडे धावलो. पहिल्या मजल्यावर हवा स्वच्छ होती. हे मला धावतानाही जाणवलं, आणि का स्वच्छ आहे तेही. दुसऱ्या मजल्यावर पाऊल ठेवलं तर समोरची भिंत दिसेना.

घसरगुंडीचं दार सताड उघडं होतं. देवजीभाईंनी दाखवला होता तसाच भसाभस धूर. मी ते दार हाताने ढकललं आणि कडी लावली. एवढंच. तेवढ्याने धूर यायचा थांबला. जे काम त्या दाराने माझ्याशिवाय, सुमनने हात सोडताक्षणी केलं असतं, ते मी दोन तासांनी केलं. कुणी पाहिलं नाही.

केतकी शहाणी. खोकल्याने जाग आल्याबरोबर तिने खोलीचं दार लावलं होतं, फटीशी ओली चादर कोंबली होती, आणि रेवाला छातीशी धरून ती गॅलरीत उभी होती. पण तोवर धूर खोलीत गेला होता. रेवाच्या नाकपुड्यांभोवती काळी कड होती. हॉस्पिटलमध्ये नर्सने कापसाने ती पुसली, आणि तो काळा बोळा ट्रेमध्ये टाकला. मी त्या बोळ्याकडे बघत बसलो. एक रात्र त्यांनी बाळाला देखरेखीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बाळ ठणठणीत आहे, घरी न्या.

तेव्हाच सांगायचं होतं ना? बाळ ठणठणीत, सगळे रडून मोकळे झालेले, तेव्हा कुणी मला फासावर दिलं नसतं. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरायला गेलो आणि ती स्प्रिंग खाडीत टाकली.

चौथ्या दिवशी देवजीभाई आले. बोलावलं अमोलने, बंदरातून फोन करून. तो फोनवर इतका ओरडत होता की केतकीने फोन कानापासून लांब धरला होता. पहिल्या मजल्याची भिंत पांढरी, दुसऱ्याची काळी, म्हणजे वरचंच दार मिटलं नाही हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. देवजीभाईंनी चौकटीवरच्या स्क्रूच्या भोकांत बोट फिरवलं. सुमन, केतकी, मी, सगळे मागे उभे.

"इथं स्प्रिंग होती, साहेब," ते म्हणाले. "मी लावलेली."

आणि मी म्हणालो, "होती तर मग गेली कुठे?"

हाच तो मुद्दा. यासाठीच इतका वळसा घातला. बघा, मी खोटंसुद्धा बोललो नाही. प्रश्न विचारला. इतका सफाईदार, की नंतर कित्येक दिवस मी स्वतःलाच समजावत होतो की मी कुठे काय म्हटलं? ते माझ्याकडे बघत राहिले. मग पुन्हा त्या भोकांकडे. मग हळू आवाजात म्हणाले, "ढिली राहिली असेल. पडली असेल आत." दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी नवी स्प्रिंग लावली, चौकटीला रबर लावलं, आणि खालच्या राखेत बराच वेळ जुनी शोधली.

डहाणू रोडला स्टेशनजवळ एक जण नवं लॉज बांधत होते. जिन्याच्या लोखंडी दारांचं काम देवजीभाईंना ठरलं होतं. त्या मालकांनी मला भाजीबाजारात गाठलं. "तुमच्याकडचं काम त्यानेच केलेलं ना?" मी म्हटलं, "हो." एवढंच म्हटलं. काम दुसऱ्याला गेलं.

आणि सुमन. तिने शेगडी माळ्यावर टाकून दिली. तिच्या मनाने घेतलं, की आपल्याच हातून नात गेली असती. आम्ही सगळ्यांनी समजूत घातली — मीही घातली, हे विशेष! "अगं, ठिणगी कुणाच्याही हातून पडते," असं मी तिला म्हणायचो. पण रेवाला ती हात लावीना. बाटली गरम करून देईल, झबली शिवेल, रात्रभर पाळण्याशेजारी बसेल, पण उचलायची वेळ आली की केतकीला हाक. रेवा रांगायला लागली, उभी राहायला लागली, आजीच्या पदराला धरून "घे, घे" करायला लागली. सुमन म्हणायची, "आजोबांकडे जा हं, बाळा." आणि मी घ्यायचो. मला ती मिळायची. त्यातही माझाच फायदा.

मग २०१८च्या शेवटापासून इथे जमीन हलायला लागली, ते तुम्ही वाचलं असेल. डहाणू, तलासरी, सगळीकडे धक्के. लोक घराबाहेर झोपायला लागले. पुढच्या फेब्रुवारीत एका दुपारी मोठा धक्का बसला. मी अंगणात, केतकी बँकेत. भांडी खाली आली, कुत्री भुंकायला लागली, आणि मी आत बघितलं तर सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिच्या पायाशी रेवा. दोन्ही हात वर करून. घर हलतंय, आणि सुमन हात पाठीमागे घट्ट धरून माझ्या नावाने ओरडतेय — "अहो, हिला घ्या! तुम्ही घ्या! मी नाही!"

मी धावलो, रेवाला एका हाताने उचललं, सुमनला दुसऱ्या हाताने ओढलं. बाहेर आलो. घराला काही झालं नाही. पण ते पाठीमागे धरलेले हात मी पाहिले होते. ते कुणी बांधले होते? तिने?

अंगणात बसल्या बसल्या मी तिला सगळं सांगितलं. स्प्रिंग, आठ दिवस, खाडी, सगळं. ती ऐकत राहिली. मग तिने एकच विचारलं. "दार मिटलं असतं, तर धूर वर आला असता?"

मी म्हटलं, "पहिल्या मजल्यावर आला होता का?"

तिने अंगणातून वरच्या मजल्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चौदा महिने बघत होतात तुम्ही." आणि उठून गेली. दोन दिवस माझं ताट वाढून ती खोलीत जायची. अमोलला मी फोनवर सांगितलं, त्याने फोन ठेवला, तासाभराने पुन्हा केला, आणि म्हणाला, "देवजीभाईंना सांगितलंत?" तिसऱ्या दिवशी मी तलासरीच्या एसटीसाठी निघालो तर सुमन चपला घालून दारात. "मी येते. तुम्ही एकटे गेलात तर अर्धंच सांगाल."

खरं होतं. अर्धंच सांगितलं असतं.

अच्छाडच्या शेडमध्ये देवजीभाई एका ट्रकच्या फाळक्यावर काम करत होते. त्यांनी चष्मा वर केला, बाईंना बसायला स्टूल दिलं. मी उभ्याउभ्याच सांगितलं. मला वाटत होतं की ते म्हणतील, मला ठाऊक होतं, साहेब. इतक्या दिवसांत मी स्वतःला तेवढा दिलासा देऊन ठेवला होता — कारागीर माणूस, स्क्रूची भोकं बघून त्याला कळलंच असणार. तसं काही नव्हतं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो.

"म्हंजे ती ढिली नव्हती?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी बरोबर लावलेली?"

"बरोबर लावली होती."

त्यांनी शेडच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे तयार दारं उभी होती. प्रत्येक बिजागरीला दुप्पट स्क्रू, आणि वर वेल्डिंगचा टाका. "चौदा महिने असं करतो मी," ते म्हणाले. "एक दार लावतो, घरी जातो, परत येतो, बघतो. बायको बोलते, येडा झाला काय. मला वाटलं, हात गेला माझा."

मला माफी मागायची होती. वाक्य तयार होतं, एसटीत पाठ केलं होतं. त्यांनी ते ऐकायची वाट बघितली नाही. मशीन बंद करायला सांगितलं, दोन वेल्डर, पुतण्या, शेजारच्या पंक्चरवाल्याला हाक मारली, घरातून बायकोला बोलावलं. सगळे येऊन उभे राहिले.

"आता परत सांगा," ते मला म्हणाले.

मी परत सांगितलं. मध्येच एक कंटेनर हॉर्न देत गेला, आणि त्यांची बायको म्हणाली, ऐकू नाही आलं. मी तिसऱ्यांदा सांगितलं — स्प्रिंग मी काढली, दार मी बिघडवलं, यांचं काम बरोबर होतं. मोठ्याने. सुमन स्टुलावर ताठ बसून होती, एक शब्द सुटला की मला टोकायला तयार. सांगून झाल्यावर देवजीभाईंनी मान हलवली. माफ केलं म्हणाले नाहीत, नाही केलं असंही म्हणाले नाहीत. बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलं?" आणि हसले. माझ्याकडे बघून नाही. पण हसले, आणि ते हसणं बघायला मिळालं हेच माझ्यासाठी खूप झालं.

परतताना मी डहाणू रोडला उतरून लॉजच्या मालकांकडे गेलो. त्यांचं बांधकाम कधीच संपलंय, तरी सांगितलं. किनाऱ्यावर फिरणाऱ्या आमच्या मंडळींना सांगितलं. आता तुम्हाला.

सुमन माझ्याशी कामापुरतंच बोलते. काल सकाळी न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला, आणि केतकी तर माझ्यासमोर ओट्याशी चहा करत होती. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. आतून रेवाचं खिदळणं, आणि सुमनचं, "अगं, डोळे मीट, साबण जाईल." मग दार उघडलं. टॉवेलमध्ये गुंडाळलेली रेवा, आणि तिला कडेवर घेतलेली सुमन, दोघी नखशिखांत ओल्या. ती माझ्या बाजूने तशीच पुढे गेली, माझ्याकडे न बघता, एक एक पायरी मोजत, दुखऱ्या गुडघ्याने, नातीला घेऊन जिना चढत.